वर्तकनगर ते आंबिवली, दोन चष्म्यांसह

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात मी आजवर तीन प्रवासवर्णनं लिहिली. पहिलं युरोपाचं. त्यात अकरा दिवसांत सात देश पाहिले आणि सर्वांत जास्त बसची खिडकी पाहिली. दुसरं बालीचं. तिसरं केरळचं, संपादकांनी जागेअभावी ते अर्धं केलं आणि वाचकांनी तेच सर्वांत बरं झाल्याचं कळवलं. हे चौथं. या प्रवासाला पासपोर्ट लागला नाही, टूर मॅनेजर नव्हता आणि सर्वांत लांबचं ठिकाण घरापासून तीसेक किलोमीटरवर होतं. तरी तिथे पोचायला मला सात महिने लागले.

माझं वर्तकनगरला चष्म्याचं दुकान आहे. मागच्या जुलैत आमच्या व्यापारी मित्रांच्या मंडळानं कल्याणच्या एका शाळेत कळव्यापासून आंबिवलीपर्यंतच्या मुलांसाठी मोफत नेत्रतपासणी शिबिर घेतलं. बॅनरवर आम्हा अकरा जणांचे फोटो होते. मुलाचा एकही नव्हता, पण जागाच उरली नव्हती. डोळे तपासायला डॉक्टर आले होते, आणि चष्मे माझ्या दुकानातून फुकट द्यायचे असं ठरलं. कार्डावर छापायचं वाक्य मीच लिहून दिलं: 'चष्मा आठ दिवसांनी दुकानातून घेऊन जावा.' ज्यांना घेऊन जायला गाड्या होत्या त्यांचे चष्मे नवव्या दिवशी गेले. एका आईनं फ्रेमचा रंग मुलाच्या दप्तराला जात नाही म्हणून बदलून मागितला. मी बदलून दिला.

शेवटी दोन चष्मे राहिले. दोन्ही मुलींचे. फोन केले तर एक नंबर बंद, दुसरा चुकीचा. मी चष्मे खणात टाकले आणि सुनीताला, म्हणजे बायकोला, म्हटलं, "फुकट मिळालं की लोकांना किंमत राहत नाही." पुढचे सात महिने हे वाक्य मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं. एकालाही ते खोटं वाटलं नाही.

फेब्रुवारीत सुनीता दुकानात हिशेबाची फाइल शोधत होती, तिच्या हाताला ती कार्डं लागली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. कागद दिसला की वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. एका कार्डावर नाव होतं समीक्षा, वय सहा, पत्ता 'आंबिवली, स्टेशनजवळ'. डाव्या डोळ्याचा नंबर बराच मोठा, आणि खाली डॉक्टरांनी 'लवकर' लिहून दोनदा अधोरेखित केलेलं.

"हे 'लवकर' कुणासाठी लिहिलंय?" तिनं विचारलं. "तिच्यासाठी, की तुमच्यासाठी?"

गुरुवारी दुकान बंद असतं. त्या गुरुवारी मी निघालो.

पहिला मुक्काम कळवा. ठाणे स्टेशनपर्यंत बस, पुढे रिक्षानं खाडीचा पूल ओलांडला. पुलावरून मी हजारदा गेलो असेन, पण पुलाखाली माणसं राहतात हे मला फक्त ऐकून माहीत होतं. खाली उतरल्यावर सुकायला टाकलेली जाळी, त्यांच्या कडेला निवांत झोपलेली कुत्री, पलीकडे तिवरांची हिरवी रांग, आणि मासळीच्या वासाला चार पावलांत सरावणारं आपलं नाक. दुसऱ्या कार्डावर नाव जुई आणि पत्ता 'कोळीवाडा' एवढंच होतं. तिथे तेवढं पुरलं.

तिची आजी हिराबाई ओट्यावर बसून कोयता घासत होत्या. साठीच्या, नऊवारीचा काष्टा, कपाळावर मोठं कुंकू. मी म्हटलं, "जुईचा चष्मा आणलाय. ठाण्याच्या दुकानातून आलोय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता आयलाव? आमी तर कवाच येऊन गेलो."

"कुठे?"

"तुमचे दुकानान. मी न माजी नात. कुलूप व्हता."

"कधी आलात?"

"बेस्तरवारी (गुरुवारी). आमाला दुसरा कनचा वार गावतंय? बाकीचे दिवस मी बाजारान बसतंय. बेस्तरवारी लोका मावरा (मासळी) खात नाय, तवा मना सुट्टी."

मी म्हटलं, मग परत एकदा यायचं.

"आयलो ना परत. परतचे बेस्तरवारी. परत कुलूप. मंग जुई बोलली, बाय, यो दुकान खोटा हाय."

गुरुवारी दुकान बंद ठेवायची पद्धत माझ्या वडिलांची. गुरुवारी मासे न खाण्याची पद्धत गिऱ्हाइकांची. दोन्ही पद्धती पवित्र, आणि दोन्हींच्या मधोमध एक नऊ वर्षांची मुलगी दोनदा कुलूप बघून घरी गेलेली. सात महिने मी ज्या लोकांना किंमत नाही म्हणत होतो, त्यांनी माझ्या दुकानाला दोन खेपा घातल्या होत्या. मी मात्र त्यांच्याकडे पहिल्यांदाच येत होतो.

जुई शाळेतून आली. चष्मा लावला आणि सरळ पाण्याच्या कडेला गेली. तिथून पलीकडच्या होडीवरचं नाव आणि आकडा मोठ्यानं वाचला, मग तिच्या मागच्या होडीवरचा, मग तिच्याही मागच्या. हिराबाई म्हणाल्या, "बग, ही इतके दिस मना सांगायची, तिकडं कायच लिवलेला नाय."

मला जेवल्याशिवाय सोडेनात. तांदळाची भाकरी आणि निवटी (खाडीच्या चिखलात मिळणारे छोटे मासे) ताटात आली. मी गुरुवार पाळतो. पंचवीस वर्षं पाळला. पण ज्या उपासामुळे त्यांचा धंदा बसतो आणि सुट्टी माझ्या कुलपापुढे जाते, तो उपास त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. मी खाल्लं. निवटी उत्तम होती.

निघताना म्हटलं, "नंबर पुन्हा तपासावा लागेल. दुकानात घेऊन या."

"कवा?"

"बेस्तरवारी," मी म्हटलं. "उघडा ठेवतो." माझ्या तोंडची त्यांची बोली ऐकून जुई इतकी हसली की चष्मा घसरला.

कळव्याहून कल्याण आणि कल्याणला गाडी बदलून आंबिवली. दुपारची वेळ, त्यामुळे खिडकी मिळाली. कसाऱ्याच्या गाडीसाठी कल्याणला पाऊण तास थांबावं लागलं. युरोपात गाडी चार मिनिटं उशिरा आली म्हणून आमच्या ग्रुपनं फोटो काढला होता. इथे एका बाईला विचारलं, गाडी उशिरा आहे का, तर ती म्हणाली, "नाही ओ, अशीच असते." शहाड गेलं, नदीचा पूल गेला आणि आंबिवली आलं.

उतरल्यावर कळलं की 'स्टेशनजवळ' हा पत्ता नसून दिलासा आहे. स्टेशनजवळ सगळंच होतं. मी औषधांच्या दुकानात विचारलं, चहावाल्याला विचारलं, चुकीच्या बाजूला उतरून एका गटारात पाय घातला आणि एक बूट ओला घेऊन शेवटी पिठाच्या गिरणीपाशी आलो. गिरणीवर दळण घेऊन उभ्या असलेल्या बाईनं दोनदा नाव विचारलं.

"समीक्षा कोण? सहा वर्षांची? तिचा डोळा आत वळतो का?"

"असेल. तिला चष्मा लागलाय."

"अहो, मग चकणी म्हणा ना! सगळी पोरं तेच म्हणतात तिला. समीक्षा म्हटल्यावर कोणाला कळणार?"

माझ्या खणातल्या कार्डावर तिचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. सात महिन्यांत इथे तिला दुसरं नाव पडलं होतं.

चाळीतली शेवटची खोली. दार उघडं, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली नीट रचलेली वह्या-पुस्तकं. समीक्षाची आई वंदना कामावर निघायच्या तयारीत होती. तिशीची, बोलायला चटपटीत. मी कोण ते सांगितलं, चष्म्याची डबी पुढे केली. तिनं डबी घेतली नाही.

"पण मला तर कोणी सांगितलंच नाही चष्मा झाला म्हणून."

"मेसेज गेला असेल. आमच्या कॉम्प्युटरवरून आपोआप जातो." मी माझा मोबाइल काढून नमुना दाखवला. इंग्रजीत होता. अभिनंदन, तुमचा मोफत चष्मा तयार आहे, आमच्या शोरूमला भेट द्या, आणि शेवटी एक निळी लिंक.

वंदना वाचून हसायला लागली. "असले तर मी रोज चार डिलीट करते, सर. अभिनंदन आणि फुकट म्हटलं की संपलं. माझ्या बहिणीचं खातं अशाच लिंकनं साफ झालं. मग मी तो नंबरच बंद केला."

म्हणजे माझ्या निरोपावर विश्वास न ठेवणारी ही एकटीच शहाणी निघाली. मी म्हटलं, "लांब पडतं तुम्हाला, मी समजू शकतो."

"लांब कुठे? मी रोज ठाण्यालाच येते. मॉलमध्ये हाउसकीपिंगला आहे. तुमच्या वर्तकनगरवरूनच बस जाते माझी."

लांब राहतात म्हणून येत नाहीत, हे माझं राखून ठेवलेलं कारण. तेही गेलं.

समीक्षा शाळेतून आलेली होती आणि आईच्या मागे उभी राहून मला बघत होती. उजव्या डोळ्यानं माझ्याकडे; डावा नाकाकडे वळलेला. मी चष्मा लावला. फ्रेम कानाशी घट्ट बसत होती. सात महिन्यांत डोकं वाढलं होतं. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "जड आहे."

"शिबिरातल्या डॉक्टरांनी पुढे मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं होतं," मी विचारलं. "गेलात का?"

"तीनदा." वंदनानं बोटं काढली. "पहिल्यांदा गेले तर म्हणे, केसपेपर अकरापर्यंतच. दुसऱ्यांदा लवकर गेले तर म्हणे, मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर फक्त मंगळवारी. तिसऱ्यांदा मंगळवारी गेले तर डॉक्टर ट्रेनिंगला. दर वेळी खाडा. सुपरवायझर म्हणाला, आता चौथ्यांदा गेलीस तर तिकडेच राहा." मग ती म्हणाली, "शिबिरात ते म्हणत होते, डोळा आळशी झालाय हिचा. मला राग आला. माझी पोरगी आळशी नाहीये हो. सकाळी उठून पाणी भरायला मला मदत करते."

मी तिला समजावलं की आळशी हा फक्त शब्द आहे. एका डोळ्याला नीट दिसत नसलं की मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो, आणि लहान वयात त्याला पुन्हा कामाला लावलं नाही तर मोठेपणी कुठलाही चष्मा उपयोगी पडत नाही. सांगता सांगता 'लहान वयात' या शब्दांशी माझीच जीभ अडखळली.

"मंगळवारी मी येतो बरोबर," मी म्हटलं.

मला इथे माझ्या नातीबद्दल सांगायला हवं. ती पाच वर्षांची आहे. मागच्या वर्षी एकदा सकाळी नाश्त्याला माझ्या सुनेला वाटलं की तिचा डोळा किंचित वळतोय. संध्याकाळी सहा वाजता आम्ही चौघं तिला घेऊन ठाण्यातल्या एका बालनेत्रतज्ज्ञाकडे होतो. तिथे माशांची टाकी होती, घसरगुंडी होती. डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं आणि काहीही झालेलं नाही असं सांगितलं. तरी आमचं समाधान झालं नाही म्हणून आम्ही दुसरीकडेही दाखवलं. तिथेही काही नव्हतं. नातीच्या निरोगी डोळ्यांना आठवड्यात दोन डॉक्टर मिळाले.

मंगळवारी सकाळी साडेआठला मी कल्याणच्या पलीकडच्या त्या सरकारी रुग्णालयाच्या दारात उभा होतो. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. दुकानात घालतो तोच पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कागदांचं पाकीट. वंदना आणि समीक्षा आधीच रांगेत होत्या. पुढे निदान चाळीस माणसं, बहुतेक बायका, कडेवर मुलं. एक मूल खोकत होतं, आणि त्याचं खोकणं आता कुणाला ऐकू येत नव्हतं.

मी खिडकी कुठली हे बघायला पुढे गेलो. खिडकीतल्या माणसानं मान वर केली आणि उभा राहिला. "बोला सर."

"मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर आज आहेत ना?"

"आहेत ना सर. पेशंट कुठेय? इकडून घ्या, बाजूच्या दारानं. शिंदे, सरांना आत घेऊन जा."

मी वंदनाला हाक मारली. रांगेतल्या बायकांनी आमच्याकडे पाहिलं. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दहा मिनिटांत केसपेपर झाला आणि आम्ही आतल्या बाकावर बसलो.

"तुम्ही काय बोललात त्याला?" वंदनानं विचारलं.

"काही नाही. डॉक्टर आहेत का, एवढंच."

"मी पण तेच विचारलेलं," ती म्हणाली. मग माझ्या शर्टाकडे बघून हळूच म्हणाली, "हां."

डॉक्टर तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, पण समीक्षाशी बोलताना आवाज अगदी हसरा. तिच्याकडून चित्रं ओळखून घेतली. उजव्या डोळ्यानं तिनं सगळी ओळखली. डाव्यानं वरचं मोठं घर ओळखलं, छत्री ओळखली आणि मग अडली. माझ्याकडे वळून बघितलं, मी सांगीन म्हणून. मी तिथली पुढची तिन्ही चित्रं बसल्या जागेवरून बघू शकत होतो.

डॉक्टरांनी चष्मा तपासला, कागद तपासला. मग वंदनाकडे वळल्या. "आई, ही चिठ्ठी जुलैची आहे. इतके महिने काय केलंत? मुलीच्या डोळ्याचा प्रश्न आहे, असं चालढकल करून कसं चालेल?"

हे वाक्य वंदनानं आधीही ऐकलेलं असणार, कारण तिनं नुसती मान खाली घातली आणि समीक्षाची वेणी सारखी करायला लागली.

मी लगेच बोललो असं लिहायला मला आवडलं असतं. मी लगेच बोललो नाही. आधी मनात आलं, नाहीतरी या डॉक्टर मला पुन्हा कुठे भेटणार आहेत. मग समीक्षानं आईकडे पाहिलं, आणि मला दुकानातला तो खण आठवला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "चष्मा माझ्याकडे होता. सात महिने माझ्या दुकानात पडून होता. या तीनदा इथे येऊन गेल्या, परत पाठवल्या गेल्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, वंदनाकडे बघून म्हणाल्या, "सॉरी हं ताई." मग उजव्या डोळ्यावर लावायची पट्टी दाखवली. रोज दोन-तीन तास चांगला डोळा झाकायचा, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागेल. चष्मा दिवसभर. सहा आठवड्यांनी पुन्हा यायचं.

"सुधारेल का?" वंदनानं विचारलं.

"सुधारेल. पूर्ण किती, ते आत्ता नाही सांगता येत. जुलैत आली असती तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं."

बाहेर पडल्यावर मी समीक्षासाठी वडापाव घेतला. तिनं चष्म्यातून तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि मग खाल्ला. वंदना म्हणाली, "तुम्ही आत बोललात ते बरं केलंत, सर. घरी पण सगळे मलाच बोलतात. आता सांगता येईल." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मी ठरवलं की हे मंडळात बोलायचं. बोललो. पुढच्या वेळी चष्मे मुलांच्या शाळेत नेऊन द्यावेत, निरोप मराठीत पाठवावा आणि पुढच्या तपासणीला आपल्यातल्या कुणीतरी सोबत जावं, असं सुचवलं. सर्वांना फार आवडलं. ठराव एकमतानं झाला. मग एक मित्र म्हणाले, पुढचं शिबिर मात्र ठाण्यातच घेऊ, कल्याणला पार्किंगचा त्रास होतो. तेही एकमतानं झालं. शेवटी त्यांनी समीक्षाचा चष्म्यासकट फोटो मागितला, पुढच्या बॅनरसाठी. मी म्हटलं, आधी जागा करा, अकरापैकी कुणाचा काढताय? तो विषय पुढच्या सभेपर्यंत स्थगित आहे.

प्रवासाहून आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंत? युरोपाबद्दल मी तासभर बोलू शकतो. या प्रवासाबद्दल विचारलं तर मला एवढंच सांगता येतं: मी समजत होतो की आपण मदत पोचवतो आणि लोक घ्यायला येत नाहीत. लोक आले होते. बंद दारापर्यंत, बंद खिडकीपर्यंत, परत परत आले होते. माझ्या शर्टाला जे दार उघडलं ते शर्टामुळे उघडलं, आणि सगळ्या आंबिवलीला पुरतील इतके शर्ट माझ्याकडे नाहीत.

सहा आठवड्यांनी मी वंदनाला फोन करून येऊ का विचारलं. "नको," ती म्हणाली, "मी बघते." मंगळवारी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. मागे गलका, मुलांचं रडणं.

"सर, दोन ओळी जास्त वाचल्या तिनं! डाव्या डोळ्यानं! डॉक्टरबाई म्हणाल्या, पट्टी चालू ठेवा, फरक पडतोय."

"अरे वा! आणि आत सोडलं लगेच?"

"सोडलं ना. मॉलचा युनिफॉर्म इस्त्री करून घातला, गळ्यात आयकार्ड अडकवलं, खिशाला पेन लावलं. खिडकीवरचा उभाच राहिला. म्हणाला, मॅडम, कुठल्या डिपार्टमेंटच्या? म्हटलं, स्वच्छता. त्याला वाटलं, तपासणीला आल्यात. घाईघाईनं टेबल पुसलं त्यानं."

मी हसत होतो. दुकानातलं गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं.

"आणि चाळीतल्या दोघी कधीपासून मागे लागलेल्या," ती म्हणाली, "त्यांच्या पोरांना पण घेऊन आलेय. एकाचा कान वाहतोय, एकाला धाप लागते. तिन्ही माझीच म्हणून सांगितलं."

"अगं पण आडनावं वेगवेगळी असतील ना कागदावर?"

"डोळ्यांच्या बाईंनी वाचली. हसल्या, आणि कानवाल्यांकडे स्वतः चिठ्ठी लिहून दिली." मागे कुणीतरी मोठ्यानं नाव पुकारलं. "ठेवते सर," वंदना म्हणाली, "माझ्या दुसऱ्याचा नंबर आला."